‘ढ’ कोण ठरवतं?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



अभ्यासात मागं पडलेल्या मुलाला आपल्याकडं ‘ढ’ म्हणतात. असं का, तर ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बाकीच्या अक्षरांची वळणं बदलत गेली, ‘ढ’ मात्र जवळपास होता तसाच राहिला, असं जुनी मंडळी सांगतात. जो बदलत नाही, पुढं सरकत नाही, तो ‘ढ’. ही व्युत्पत्ती किती खरी, ते भाषातज्ज्ञांवर सोडू. त्यामागची समजूत मात्र आपल्या सगळ्यांच्या परिचयाची आहे. काही मुलं मुळातच तशी असतात आणि त्यांच्यात फरक पडणार नाही, ही ती समजूत. मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षणशास्त्राचा पंडित नव्हे. पण शब्द माणसाचं काय करतात याकडं लक्ष ठेवणं हा कवीच्या कामाचाच भाग आहे, म्हणून या विषयावर बोलायचं धाडस करतो आहे.

शिक्षक मुलाकडं कोणत्या नजरेनं बघतात आणि त्या नजरेचा मुलाच्या शिकण्यावर काय परिणाम होतो, यावर गेल्या साठ वर्षांत जगभर पुष्कळ संशोधन झालं. डी.एड., बी.एड.च्या पुस्तकांत त्यातलं थोडंफार येतं. परीक्षेपुरतं ते पाठही होतं. पण नोकरीला लागल्यावर शिक्षक विचारतात, आणि रास्तच विचारतात, की हे सगळं अमेरिकेतलं, तेही आमच्या जन्माआधीचं. देवगाव रंगारीच्या शाळेत त्याचा काय उपयोग? तेव्हाचे शिक्षक वेगळे, मुलं वेगळी, काळ वेगळा. ते जुनं संशोधन आज खरं मानायचं का?

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्या संशोधनातला काही भाग काळाच्या कसोटीवर टिकला, काही टिकला नाही. कुठला भाग टिकला हे नीट पाहिलं, तर तो आपल्याच गावाबद्दल बोलतो आहे असं वाटू लागतं.

सगळ्यांत गाजलेल्या प्रयोगापासून सुरुवात करू. रॉबर्ट रोझेन्थाल हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९६३ च्या सुमारास उंदरांवर एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांच्या हाती एकाच जातकुळीचे उंदीर दिले. काहींना सांगितलं, तुमचे उंदीर हुशार आहेत. काहींना सांगितलं, तुमचे मंद आहेत. तर ज्यांना हुशार म्हटलं होतं, ते उंदीर चक्रव्यूहातून वाट काढायला खरोखरच लवकर शिकले. उंदरांना काही माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. माहीत होतं ते शिकवणाऱ्यांना. या कामाबद्दल वाचून कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी रोझेन्थाल यांना पत्र लिहिलं आणि आपल्या शाळेत हे करून बघा म्हणून सुचवलं. वस्ती गरिबांची, बरीच मुलं मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांतली.

१९६४ साली त्या शाळेतल्या मुलांची एक चाचणी घेतली गेली. नवीन वर्ष सुरू होताना प्रत्येक वर्गशिक्षिकेला काही मुलांची नावं दिली आणि सांगितलं, चाचणीवरून असं दिसतं की ही मुलं या वर्षी फुलणार आहेत. शाळेतल्या साधारण पाचातल्या एका मुलाचं नाव या यादीत होतं. प्रत्यक्षात ही नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढलेली होती. चाचणीशी त्यांचा काही संबंध नव्हता. वर्षाअखेर पुन्हा चाचणी झाली, तेव्हा पहिलीतल्या ‘फुलणाऱ्या’ मुलांचा बुद्ध्यंक सरासरी २७ गुणांनी वाढलेला दिसला, बाकीच्यांचा १२ गुणांनी. दुसरीतही फरक मोठा होता. १९६८ साली हे सारं पुस्तकरूपानं आलं, त्याचं नाव ‘पिग्मेलियन इन द क्लासरूम’. पिग्मेलियन हा ग्रीक कथेतला मूर्तिकार. त्यानं घडवलेली मूर्ती त्याच्या प्रेमानं जिवंत झाली. मुलंही शिक्षकाच्या अपेक्षेनं तशी जिवंत होतात, असा त्या नावाचा अर्थ.

पुस्तक जगभर गेलं. पण त्यातली एक गोष्ट लोकांच्या सांगण्यातून गळत गेली. तिसरीपासून सहावीपर्यंतच्या वर्गांत असा काही लक्षणीय फरक सापडलाच नव्हता. शिवाय त्याच वर्षी रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी आक्षेप घेतला, की वापरलेली चाचणीच लहान मुलांसाठी भरवशाची नाही. काही मुलांचे सुरुवातीचे बुद्ध्यंक इतके कमी निघाले होते, की तशी मुलं साध्या शाळेत बसलेली असणंच शक्य नव्हतं. पुढं अनेकांनी तसेच प्रयोग केले. काहींना परिणाम दिसला, काहींना दिसला नाही. २००५ साली ली जसिम आणि केंट हार्बर यांनी तोवरच्या पस्तीसेक वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा, की शिक्षकाच्या अपेक्षेचा परिणाम होतो, पण बहुतेक वेळा तो लहान असतो. शिक्षकांचे अंदाज पुष्कळदा बरोबर येतात, ते मुलाला नीट ओळखल्यामुळं. अंदाज केला म्हणून मूल तसं घडतं असं दर वेळी नसतं. मात्र ज्या समाजगटांकडं आधीच हिणवून पाहिलं जातं, त्यांच्या मुलांवर हा परिणाम मोठा असू शकतो, असंही त्यांनी नोंदवलं.

म्हणजे जादू टिकली नाही. शिक्षकानं मनात आणलं की मूल हुशार, आणि मनातून उतरवलं की मठ्ठ, इतकं ते सोपं नाही. हे ऐकून काही शिक्षकांना हायसं वाटेल. वाटायलाही हवं. प्रत्येक मुलाच्या अपयशाचं ओझं एकट्या मास्तरांच्या डोक्यावर ठेवणं अन्यायाचंच होतं.

पण जे टिकलं ते फार महत्त्वाचं आहे. १९८४ साली स्टीफन राउडेनबुश यांनी असे अठरा प्रयोग एकत्र करून तपासले. काही ठिकाणी परिणाम दिसतो आणि काही ठिकाणी नाही, असं का, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर साधं निघालं. मुलाबद्दलची खोटी माहिती शिक्षकाला मिळाली, तेव्हा तो त्या मुलाला किती दिवसांपासून ओळखत होता, यावर सगळं अवलंबून होतं. ओळख दोन आठवड्यांपेक्षा जास्त झालेली असेल, तर बाहेरून आलेल्या मताचा परिणाम जवळपास शून्य. ओळख नसेल किंवा नुकतीच झाली असेल, तर मात्र ऐकीव मत काम करून जातं.

श्रोतेहो, मला या सगळ्या संशोधनातला हा सगळ्यांत मोलाचा भाग वाटतो. ओळख नसते तिथं ऐकीव मत राज्य करतं. आणि आपल्या शाळांत ओळख कशी होते, किंवा का होत नाही, हे आपण पाहतोच आहोत. जूनमध्ये शाळा उघडते. नवीन वर्ग हाती येतो. चहाच्या वेळी आधीचे वर्गशिक्षक सहज सांगतात, ‘त्या दोघांकडून काही अपेक्षा ठेवू नका. तो मागच्या बाकावरचा दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारच आहे. आणि ती पोरगी, तिच्या घरी कुणी शिकलेलंच नाही.’ सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. सहकाऱ्याचा वेळ वाचावा म्हणून तो सांगतो. पण हे सांगणं पहिल्या दोन आठवड्यांत होतं. म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा ते सगळ्यांत खोल रुजतं.

त्यात आजची परिस्थिती आणखी भर घालते. बरेच शिक्षक शहरात राहतात आणि रोज ये-जा करतात. मुख्यालयी राहण्याच्या सक्तीवरून आपल्याकडं किती वाद झाले, हे तुम्ही जाणता. त्या वादात मला पडायचं नाही. शिक्षकांच्या घरच्या अडचणी खऱ्या असतात. पण शेवटची एसटी किंवा सोबत्याची गाडी पकडायची असेल, तर मुलाचं घर, त्याची आई, त्याच्या घरामागचा गोठा दिसत नाही. बदल्या होत राहतात. एका शिक्षकाकडं दोन-दोन वर्ग असतात, आणि वर माहिती भरण्याचं काम. अशा वेळी मुलाला ओळखायला लागणारा वेळ कमी पडतो आणि त्या मोकळ्या जागेत तयार मत येऊन बसतं. साठ वर्षांपूर्वीचं संशोधन आज लागू आहे का, असं विचारणाऱ्याला मी म्हणेन, ओळखीच्या अभावापुरतं बघाल तर आज ते जास्तच लागू आहे.

आता दुसरा प्रश्न. मत मनात असलं तरी ते मुलापर्यंत पोचतं कसं? कुठलाही शिक्षक मुलाला उठून सांगत नाही, की तुझ्याकडून मला आशा नाही. याचं उत्तरही जुनंच आहे. १९७० साली जेरे ब्रॉफी आणि थॉमस गुड यांनी पहिलीच्या चार वर्गांत बसून नुसत्या नोंदी केल्या. ज्या मुलांकडून शिक्षिकेला अपेक्षा होती, त्यांचं उत्तर चुकलं की ती प्रश्न पुन्हा विचारायची, थोडा सोपा करून द्यायची. ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती, त्यांचं चुकलं की उत्तर स्वतःच सांगून पुढं जायची. ती मुलं बरोबर बोलली, तरी त्यांच्या वाट्याला कौतुक कमी यायचं.

मेरी बड रो या संशोधिकेनं १९७४ साली एक मोजमाप मांडलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतात? साधारण एक सेकंद. एवढंच. त्यातही वर्गात हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी सुमारे दोन सेकंद, आणि कच्च्या समजल्या जाणाऱ्यांसाठी पुरता एक सेकंदही नाही. ज्याला विचार करायला जास्त वेळ हवा, त्यालाच कमी वेळ! शिक्षकांनी ठरवून तीन सेकंद थांबायला सुरुवात केली, तेव्हा उत्तरं लांब आणि विचार करून दिलेली येऊ लागली, गप्प राहणारी मुलं कमी झाली, आणि मागं राहिलेली मुलंही बोलू लागली. या निष्कर्षाला काळ बाधत नाही, कारण मुलाला विचार करायला लागणारा वेळ काही बदललेला नाही. कुणालाही घड्याळ लावून हे आपल्या वर्गात पडताळून बघता येतं.

आता आपल्या मातीत येऊ. शिक्षकांच्या वृत्तीबद्दलचं आपल्याकडचं जुनं आणि महत्त्वाचं म्हणणं कुठल्या विद्यापीठातून आलं नाही. ते महात्मा फुल्यांनी मांडलं. १८८२ साली हंटर आयोगापुढं दिलेल्या निवेदनात त्यांनी सांगितलं, की प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळपास सगळे ब्राह्मण आहेत. शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करावेत, म्हणजे ते मुलांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा त्यांना कळतील, असा उपायही सुचवला. मिसळणं आणि कळणं, हे दोन शब्द ध्यानात ठेवा. फुले ओळखीबद्दलच बोलत होते.

फुल्यांनी सुचवलेला उपाय पुढच्या काळात बऱ्याच अंशी अमलात आला. आज आपल्या जिल्हा परिषदांच्या शाळांत सगळ्या जातींचे, सगळ्या समाजांचे शिक्षक आहेत. कमी आहेत, जास्त आहेत, तो हिशेब वेगळा. मग नजर बदलली का?

काही बाबतींत बदलली. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की एकाच कृष्णवर्णीय विद्यार्थ्याबद्दल दोन शिक्षकांना विचारलं, तर कृष्णवर्णीय शिक्षकाची अपेक्षा जास्त असते, दुसऱ्याची कमी. म्हणजे फुल्यांचं म्हणणं आजच्या आकड्यांतही दिसतं. पण दुसरी बाजूही आहे. रे रिस्ट यांनी १९७० साली सेंट लुइस शहरातल्या एका बालवर्गाची हकिगत प्रसिद्ध केली. शाळा कृष्णवर्णीयांची, शिक्षिकाही त्याच समाजातली. शाळा सुरू झाल्यावर आठव्याच दिवशी तिनं मुलांना तीन टेबलांवर वाटून टाकलं. नीटनेटके कपडे घातलेली, बऱ्या घरची, तिच्यासारखं बोलणारी मुलं पुढच्या टेबलावर, बाकीची मागं. ती वाटणी दुसरीपर्यंत जवळपास तशीच राहिली.

आणि भारतातलं उदाहरण. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तरपत्रिकांवर मुलांची जात मनाला येईल तशी टाकून त्या शिक्षकांना तपासायला दिल्या. खालच्या मानलेल्या जातीचं नाव असलेल्या पेपराला किंचित कमी गुण मिळाले. फरक लहान होता. पण चटका लावणारी गोष्ट अशी, की तो फरक मुख्यतः त्याच जातींतल्या परीक्षकांकडून पडला होता. याचा अर्थ काय घ्यायचा? आपल्यातलाच माणूस आला की नजर आपोआप बदलते, असं नाही. शिकून, नोकरीला लागून माणूस एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातो आणि जाताना तिथली नजरही घेतो. आज गावच्या शाळेत शिकवणाऱ्या कितीतरी शिक्षकांची स्वतःची मुलं शहरातल्या इंग्रजी शाळेत आहेत. हा आरोप नाही, प्रत्येक आईबापाला तो हक्क आहे. पण त्यामुळं ‘आपली मुलं’ आणि ‘शाळेतली मुलं’ हे दोन वेगळे शब्द होतात, हे नाकारता येत नाही.

मुलींचंही तसंच. आंध्र प्रदेश आणि तेलंगणातल्या माध्यमिक शाळांवरचा एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. गणित मुलांनाच चांगलं जमतं असं मानणारे शिक्षक ज्या वर्गात होते, तिथं मुली गणितात मुलांच्या आणखी मागं पडल्या. हे अलीकडचं आहे, आपल्या शेजारचं आहे, आणि रोझेन्थालच्या उंदरांपेक्षा कितीतरी काळजीपूर्वक मोजलेलं आहे.

आता मी माझ्या जवळच्या विषयाकडं येतो. तो म्हणजे भाषा. मूल तोंड उघडतं आणि त्याच क्षणी त्याच्याबद्दल मत तयार होतं. १९६९ साली विल्यम लॅबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञानं न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या मुलांच्या बोलीचा अभ्यास मांडला. शाळा म्हणत होती, या मुलांना भाषाच नाही. लॅबॉव्हनं दाखवलं, की त्यांच्या बोलीला पक्के नियम आहेत, त्यातून चोख युक्तिवाद करता येतो. उणीव मुलाच्या भाषेत नव्हती, ऐकणाऱ्याच्या कानात होती. महाराष्ट्रात याच वाटेवरचं काम फलटणला झालं. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषातज्ज्ञ १९६६ साली फलटणला राहायला आल्या आणि तिथल्या वेगवेगळ्या थरांतल्या लोकांची मराठी कशी वेगळी आहे याचा त्यांनी शास्त्रीय अभ्यास केला. त्या अभ्यासावर थांबल्या नाहीत. तिथंच राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या, १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था काढली आणि १९८६ पासून कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा उभी केली. आधी मुलांची बोली समजून घ्यायची आणि मग त्यांना लिहावाचायला शिकवायचं, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

मराठवाड्याला तर हे वेगळं सांगायला नको. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. कारभाराची भाषा उर्दू, १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू. मराठी घरातल्या पोराला गणित आणि इतिहास उर्दूतून शिकावा लागे. घरी तो चुरूचुरू बोलायचा आणि वर्गात मुका व्हायचा. त्या काळच्या मास्तरांना तो मंद वाटला असेल, तर दोष पोराचा नव्हता. आज पारडं फिरलं आहे. घरी दखनी बोलणारं, ‘नक्को’ आणि ‘कायकू’ म्हणणारं मूल मराठी शाळेत येतं, किंवा तांड्यावरचं, भिल्ल वस्तीवरचं मूल येतं, किंवा नुसतं ‘कामून’ म्हणणारं आपल्याच शेतकऱ्याचं मूल येतं, आणि पुस्तकी मराठीपुढं गप्प बसतं. पारडं कोणत्याही बाजूला झुकलेलं असो, शाळेची भाषा ज्याच्या घरी नाही, ते मूल मंद वाटतं. हा अनुभव ज्या प्रदेशानं सोसला, त्यानं तरी दुसऱ्याच्या मुलाबाबत घाई करू नये.

मला स्वतःला सभासंमेलनांत एक वाक्य अनेकदा ऐकायला मिळतं, ‘तुमचं मराठी फारच छान आहे हो!’ म्हणणारा मनापासून म्हणतो. मी आभार मानतो. पण त्या कौतुकात एक आश्चर्य असतं, आणि आश्चर्याच्या पोटात आधीची अपेक्षा असते. माझ्यासारख्या पन्नाशी उलटलेल्या माणसाचं त्यानं काही बिघडत नाही. तेच वाक्य सात वर्षांच्या मुलीला वर्गात ऐकू आलं, तर तिला एवढं कळतं, की आपल्याकडून हे अपेक्षित नव्हतं.

अपेक्षा जशा मुलांबद्दल असतात, तशा त्यांच्या घराबद्दलही. ‘पालकांनाच शिक्षण नकोय’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. १९९६ साली उत्तरेकडच्या पाच राज्यांत एक मोठी पाहणी झाली. ‘प्रोब’ नावानं तिचा अहवाल १९९९ साली आला. त्यात ९८ टक्के पालकांनी मुलाला आणि ८९ टक्के पालकांनी मुलीला शिकवणं गरजेचं आहे असं सांगितलं होतं. मुसलमान मुलांबद्दल म्हटलं जातं, की त्यांना मदरशातच घालतात. सच्चर समितीनं २००६ साली आकडा दिला. शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी जेमतेम ३ ते ४ टक्के. आणि २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुस्लिमांची साक्षरता ७८ टक्के होती, राज्याच्या सरासरीहून किंचित जास्तच. ही माहिती जुनी झाली, पण ती ज्या समजुतीला खोटं पाडते, ती समजूत अजून ताजी आहे.

इथं शिक्षकांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. कारण अपेक्षेचा हा नियम त्यांनाही लागू आहे. ‘झेडपीचे मास्तर काही शिकवत नाहीत’ हे समाजाचं तयार मत आहे, आणि तेही ओळखीशिवायचं. २००३ साली शिक्षकांच्या गैरहजेरीची देशभर पाहणी झाली. देशात चारातला एक शिक्षक शाळेत सापडला नव्हता. महाराष्ट्रात हे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास, पाहणीतल्या राज्यांत सगळ्यांत कमी होतं. यातही रजेवर असलेले आणि सरकारी कामाला गेलेले आलेच. तरी आपण देशाचा आकडा आपल्या मास्तरांच्या माथी मारतो. ज्याच्याकडून समाज काहीच अपेक्षा करत नाही, तो शिक्षक मुलांकडून मोठी अपेक्षा कशी करणार?

वृत्ती बदलते, हेही सिद्ध झालेलं आहे. मुंबई आणि बडोद्यात २००१ ते २००४ च्या दरम्यान ‘बालसखी’ उपक्रमाचा अभ्यास झाला. तिसरी-चौथीतल्या मागं राहिलेल्या मुलांना वस्तीतलीच एक तरुण मुलगी रोज दोन तास बाजूला घेऊन वाचायला आणि आकडेमोड करायला शिकवायची. तिला मानधन थोडं, प्रशिक्षणही थोडंच. पण ज्यांना काही येणार नाही असं धरून वर्ग पुढं गेला होता, तीच मुलं सगळ्यांत जास्त पुढं आली. पुढं सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या साध्या जिल्हा परिषद शाळांनी प्रत्येक मूल शिकू शकतं असं धरून काम केलं. ते बघायला राज्यभरातून शिक्षक गेले आणि २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. भाषणं ऐकून वृत्ती क्वचित बदलते. ज्याच्याबद्दल आशा सोडली होती ते मूल डोळ्यांसमोर वाचायला लागलं, की बदलते.

हा विषय आज निकडीचा आहे, तो एका कारणानं. २०२३-२४ पासून आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. नापास झालेल्या मुलाची फेरपरीक्षा, आणि तीतही नापास झाला तर त्याच वर्गात. ही पद्धत बरी की वाईट, हा स्वतंत्र विषय आहे. पण आता शिक्षकाच्या मनातल्या मताला निकालाचं बळ मिळालं आहे. पहिलीत ज्याला ‘ढ’ धरून सोडून दिलं, तो पाचवीत त्याच वर्गात राहील, आणि मग सगळे म्हणतील, बघा, आम्ही म्हणत नव्हतो का!

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना तीन साध्या गोष्टी सुचवतो. त्यासाठी शासन निर्णय लागत नाही, पैसा लागत नाही. पहिली, प्रश्न विचारल्यावर मनात एक, दोन, तीन म्हणून थांबा, आणि मागच्या बाकासाठी चारपर्यंत म्हणा. दुसरी, एक आठवडाभर हजेरीच्या यादीवर खूण करा, की आज कोणाला प्रश्न विचारला. आठवड्याच्या शेवटी ज्यांच्या नावापुढं एकही खूण नाही, त्या मुलांचं घर, बोली आणि जात काय आहे ते एकट्यानंच, मनाशी बघा. कुणाला सांगायची गरज नाही. तिसरी गोष्ट वर्णनात्मक नोंदींची. या नोंदी तयार पुस्तिकेतून किंवा मोबाइलवर आलेल्या यादीतून उतरवून काढू नका. वर्षाला निदान एक वाक्य असं लिहा, जे दुसऱ्या कुठल्याही मुलाबद्दल खरं ठरणार नाही. तसं वाक्य सुचत नसेल, तर त्या मुलाशी अजून ओळख झालेली नाही, एवढंच समजायचं.

आणि पालकांनो, मास्तर नवीन आले की त्यांना एकदा घरी बोलवा. चहा पाजा. आपलं मूल काय काय करतं ते सांगा. शेळी व्यायली तेव्हा कोण जागलं, दुकानाचा हिशेब कोण ठेवतं, आजीला मोबाइल कोण लावून देतं, हे शाळेच्या कुठल्याच रजिस्टरात नसतं. ते पहिल्या दोन आठवड्यांत मास्तरांच्या कानावर गेलं, तर दुसरं काही कानावर पडण्याआधी ते तिथं पोचलेलं असेल.

जुनं संशोधन आज खरं आहे का, असा प्रश्न होता. त्यातले मोठे आकडे आज कुणी खरे मानत नाही. त्यातला चमत्कार गेला. पण मुलाला ओळखत नसताना आपण त्याच्याबद्दल दुसऱ्याचं मत वापरतो, आणि त्याची झळ दुबळ्याच्या मुलाला जास्त बसते, एवढा भाग आजही शिल्लक आहे. तो जुना व्हावा, पुस्तकापुरता उरावा, हे आपल्या हातात आहे.

इतकं सांगून मी थांबतो.